विहीणबाईंची मनधरणी

माझ्या सासूबाई रोज दुपारी चारच्या सुमाराला माझ्या लग्नाला निघायच्या.

लग्न होऊन तीसेक वर्षं झाली होती. नवरदेवाला टक्कल पडलं होतं, नवरीचे गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि ज्या मंगल कार्यालयात अक्षता पडल्या तिथे आता बिनचालकाच्या एसट्या चार्जिंगला लागतात. पण हे माईंना सांगायचं कुणी? त्या जेवून थोडा वेळ पडायच्या, उठायच्या, निळा शालू अंगाभोवती कसाबसा गुंडाळायच्या, पिशवीत टीव्हीचा रिमोट, एक वाटी आणि माझी एक चप्पल भरायच्या आणि हॉलमधल्या गालिच्यावरून दाराच्या दिशेने तरातरा निघायच्या. गालिचा संपला की थांबायच्या. तिथून एक पाऊल पुढे टाकायच्या नाहीत.

"बोलवायला कोण आलं नाही अजून?" त्या विचारायच्या. "वरमाई इथं ताटकळत उभी आहे म्हटलं! मुलीकडचे मेले की काय सगळे?"

मुलीकडची मी समोरच उभी असायचे, पण मला त्या मोजायच्या नाहीत. नवरीनेच बोलवायला यायचं म्हणजे काय, काही रीतभात आहे की नाही!

पहिली पाच मिनिटं हे ऐकायला गंमत वाटायची. मग आवाज चढायचा. मग पिशवीतली वाटी भिंतीवर जायची, मग रडणं, मग छातीवर हात मारून घेणं. दिवेलागणीपर्यंत हे चालायचं. सांभाळायला ठेवलेल्या तीन बाया सोडून गेल्या. चौथी दारातूनच परतली, कारण तिच्या स्वागताला वाटी आली होती. एकदा माई या झटापटीत पडल्या आणि त्यांचा खुबा थोडक्यात वाचला.

मिरजेच्या डॉ. नसीम तांबोळींनी स्पष्ट सांगितलं होतं. ही चारची घालमेल आटोक्यात आली नाही तर गुंगीची गोळी सुरू करावी लागेल. ती गोळी आम्ही एकदा थोडे दिवस देऊन बघितली होती. माई ओरडायच्या थांबल्या. जेवायच्याही थांबल्या, हसायच्याही थांबल्या. घास तोंडात धरून तशाच झोपून जायच्या. शेवटी मी गोळ्यांची पट्टी कपाटाच्या वरच्या खणात टाकली. पुढच्या तपासणीपर्यंत दुसरा मार्ग सापडला नाही तर ती खाली काढायची, असं ठरलं होतं. त्या खणाकडे बघायलाही मला नको वाटायचं.

आता त्या लग्नात काय झालं ते सांगायला हवं.

आमच्याकडे वरमाईला मांडवात नेताना पायघड्या घालतात. दोन लांब चादरी असतात. वरमाई एकीवरून चालत असताना मागची उचलायची आणि पुढे अंथरायची, म्हणजे तिचा पाय जमिनीला लागत नाही. आमच्या लग्नात चादरी उचलायला होता माझा बंडूमामा. तो अर्ध्यातच जिलबी आली का बघायला गेला. पायघडी संपली. माई थांबल्या. दार चार पावलांवर होतं, पण वरमाई ती वरमाई. सगळा मांडव बघत राहिला.

तेव्हा माझी आई पुढे झाली. माझी आई म्हणजे सुलभा कवठेकर, तासगावच्या शाळेतल्या पीटीच्या बाई. तिच्या एका हाकेत अख्खं मैदान ताठ व्हायचं. त्याच आवाजात ती म्हणाली, "का थांबलात? पुढची फरशी काय तापलीय का?"

मांडव हसला. माई खोलीत जाऊन बसल्या आणि विहिणीच्या पंगतीत त्यांचं ताट भोवतीच्या रांगोळीसकट तसंच राहिलं. माई म्हणाल्या, माफी मागितल्याशिवाय हिचं तोंड बघणार नाही. आई म्हणाली, माफी मागायला मी काय चोरी केलीय? दोघींनीही शब्द पाळला. आई आमच्या घराची पायरी कधी चढली नाही. माझ्या मुलाचं बारसं दोनदा झालं, एकदा सांगलीत आणि एकदा तासगावात. पाळणा तेवढा एकच होता, तो टेम्पोतून नेला.

एक मात्र सांगते. या सगळ्या वर्षांत माईंनी माझ्या आईला कधी नावं ठेवली नाहीत. तिचं नावच घेतलं नाही. आणि मला जीव लावला. मी प्राणिशास्त्रात पीएचडी करत होते तेव्हा घर, पोर, पाहुणेरावळे सगळं त्यांनी ओढलं. पदवी मिळाल्यावर गल्लीभर सांगत फिरल्या, "आमची सून डॉक्टर झाली, पण औषध फक्त बेडकांना देते." मला माई हव्या होत्या. घरात हव्या होत्या आणि जाग्या हव्या होत्या, मग माझ्यावर ओरडत का असेनात.

माझा नवरा प्रसन्न याची एका गोष्टीवर गाढ श्रद्धा आहे. यंत्र घरात आलं की प्रश्न घराबाहेर जातो. याच श्रद्धेने त्याने पोळ्या लाटणारं यंत्र आणलं होतं, ते अजून नकाशे लाटतं. आता त्याने पुण्याच्या कुठल्याशा नव्या कंपनीकडून 'मनधरणी' आणलं.

"हे कुणालाही शांत करतं," तो खोकं उघडत म्हणाला.

"पोळ्यांचं यंत्रही गोल लाटणार होतं," मी म्हणाले.

पण माहितीपत्रक वाचलं आणि माझ्यातली कॉलेजची मास्तरीण जरा सावरून बसली. कल्पना चांगली होती. आपल्या मेंदूत घडलेलं लक्षात ठेवणारा एक भाग असतो आणि त्या घडण्याने काय वाटलं ते जपणारा दुसरा. हा दुसरा बदामाएवढा, दिसायलाही तसाच. विस्मरणाच्या आजारात पहिला भाग लवकर ढासळतो, बदाम त्या मानाने बराच काळ तग धरतो. त्यामुळे अपमान कुणी केला आणि कशावरून केला ते पुसलं जातं, अपमान मात्र शिल्लक राहतो. त्यात दिवस कलला की थकलेल्या मेंदूला उजेड, सावल्या आणि आवाज यांचा मेळ घालता येत नाही. जीव घाबरा होतो, का होतो ते कळत नाही, मग मेंदू हाताला लागेल ते कारण ओढून घेतो. माईंच्या हाताला माझं लग्न लागलं होतं.

'मनधरणी' म्हणजे एक सोनेरी पाटली आणि लाडवाएवढा एक स्पीकर. पाटली घामातले क्षार, नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर आणि हाताची चुळबुळ मोजते. माणूस चिडण्याच्या बराच आधी त्याचं शरीर चिडायला लागतं, ते ती ओळखते. तिच्यावर एक बारीक दिवा असतो. शांत असेल तर हिरवा, बिनसायला लागलं की नारिंगी, आणि मग लाल. नारिंगी झाला की स्पीकर ओळखीच्या माणसाच्या आवाजात काहीतरी बोलून बघतो. नाडी उतरली तर तो आवाज आणि ते वाक्य धरून ठेवतो, नाही उतरली तर दुसरं काढतो. रडणाऱ्या पोरापुढे आपण खुळखुळा, चमचा, किल्ल्यांचा जुडगा असं एकेक नाचवून बघतो तसंच, फक्त न कंटाळता. रुग्ण काय बडबडतो तेही तो ऐकतो आणि त्यावरून नवी वाक्यं जुळवतो.

पाटली माईंना पसंत पडली. "मुलीकडच्यांनी दिली का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घालून टाकली.

राहिले आवाज. आवाज-हक्क कायदा झाल्यापासून जिवंत माणसाचा आवाज त्याच्या परवानगीशिवाय यंत्रात घालता येत नाही. प्रसन्नने सगळ्या गोतावळ्याकडे परवानग्या मागितल्या आणि जोशात येऊन माझ्या आईलाही फोन लावला. मी खुणेने नको नको म्हणत होते.

"तासगावच्या आई, तुमचा आवाज जरा हवा होता. आमच्या आईला उपयोग होईल."

"कशाला? व्यायामाला?"

"तसंच काहीसं," प्रसन्न म्हणाला.

"म्हणजे माझ्या हुकुमावर त्या कवायत करणार?" आईचा आवाज एकदम उजळला. "घ्या की मग! हवा तेवढा घ्या, प्रसन्नराव!" आणि तिने तिकडून अंगठा उमटवला.

पहिल्या दिवशी यंत्र प्रसन्नच्या आवाजात म्हणालं, "आई, शांत हो." दिवा नारिंगीचा लाल झाला. हे मी बिनयंत्राचं सांगितलं असतं. मग माझा आवाज झाला, नणंदेचा झाला. जुन्या ध्वनिफितीतून दिवंगत सासऱ्यांचा आवाजही काढला. "हेमा, असू दे गं," एवढंच तो म्हणाला. माई छताकडे बघून कडाडल्या, "तुम्ही मध्ये बोलू नका!" सासऱ्यांचा आवाज लगेच बंद झाला. हयातीतही ते असेच बंद व्हायचे.

आठवडाभराने एका दुपारी माई गालिच्याच्या टोकाला उभ्या होत्या, हातात वाटी, नेम प्रसन्नवर. इतक्यात स्पीकरमधून माझी आई बोलली.

"विहीणबाई!"

माई थबकल्या. वाटी धरलेला हात हळूहळू खाली आला. दिवा लालचा नारिंगी झाला.

यंत्राला पत्ता सापडला होता. दोन-तीन दिवसांत त्याने माईंच्याच बडबडीतून शब्द वेचून वाक्य पुरं केलं. "विहीणबाई, चुकलं आमचं. पदरात घ्या. पंगत तुमच्यासाठी खोळंबलीय." शब्द असे नमते आणि आवाज पीटीचा! ती माफी ऐकली की मी नकळत सावधानमध्ये उभी राहायचे.

"हां! आत्ता कसं!" माई म्हणायच्या, वळायच्या, खुर्चीत बसून चहात बुडवून दोन बिस्किटं खायच्या आणि संध्याकाळ निवांत जायची. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा वरात, पुन्हा माफी, पुन्हा बिस्किटं.

प्रसन्न हवेत होता. मला मात्र धड वाटत नव्हतं. माई शांत होत होत्या याचा आनंद होताच. पण आईचा आवाज या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तो खोटा होता.

त्या कायद्यात आणखी एक कलम आहे. आवाज वापरला तर त्याचा अहवाल दर महिन्याला मूळ मालकाकडे जातो. हे कलम आम्ही दोघंही विसरलो.

"रेवती," आईचा फोन आला. "मी कुणाची माफी मागितली?"

मी फोन घेऊन माईंपासून लांब, स्वयंपाकघरात गेले.

"मला आत्ता निरोप आलाय. वाचून दाखवते. 'अभिनंदन! या महिन्यात आपल्या आवाजाने रुग्णाला सर्वाधिक दिलासा दिला. सर्वाधिक वापरलेलं वाक्य: विहीणबाई, चुकलं आमचं. पदरात घ्या.' रोज! रोज पदरात घ्या? अगं, मी हेडमास्तरांना कधी सॉरी म्हटलं नाही!"

मी सगळं सांगितलं. वाटी, पडणं, गोळी, तोंडात धरलेला घास. आई मध्ये एकदाही बोलली नाही, यावरून ती किती चिडली आहे ते कळत होतं.

"मी परवानगी काढून घेतली तर?" तिने शेवटी विचारलं.

"तर गोळी सुरू करावी लागेल. चार दिवसांवर तपासणी आलीय."

मग म्हणाली, "उद्या येते."

"कुठे?"

"तिथंच. माझा आवाज कुठं वाकलाय ते मला डोळ्यांनी बघायचंय."

दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच आई दारात हजर झाली. सत्तरी ओलांडलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, पाठ फळ्यासारखी. एसटीला आता चालक नसतो, तरी तिने वाटेत दोनदा एसटीला 'जरा दमानं' असं बजावलं होतं.

"आत ये," मी म्हणाले.

"पायरी चढणार नाही. इथूनच ऐकते."

म्हणजे चित्र असं होतं. आई दाराबाहेर पायरीखाली. आत गालिच्याच्या टोकाला शालू गुंडाळून माई. दोघींच्या मध्ये आमच्या दाराशी असलेली काळ्या कडाप्प्याची रुंद पट्टी. माई समोर बघत होत्या, पण त्यांना आई दिसत होती की नाही कोण जाणे.

"बोलवायला कोण आलं नाही अजून?" माईंनी सुरुवात केली. दिवा नारिंगी झाला आणि स्पीकर घसा खाकरून सज्ज झाला.

"विहीणबाई, चुकलं आम..."

स्वतःच्या आवाजात ते शब्द ऐकले आणि आईच्या कानशिलावरची शीर तटतटली. तिने फोन काढला आणि अंगठा दाबला. वाक्य अर्ध्यात तुटलं. त्या जागी एक मंजुळ, कुणाचाच नसलेला आवाज म्हणाला, "स्वरधारकाने परवानगी मागे घेतली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

"ही मागतेय ना क्षमा," आई म्हणाली. "हिलाच मागू दे."

पण माईंना तुटलेलं वाक्य लागलं होतं. कुणीतरी बोलावता बोलावता गप्प झालं होतं. दिवा लाल झाला. वाटी सुटली, प्रसन्न सवयीने खाली वाकला, वाटी टीव्हीवर आपटली. मागोमाग रिमोट आला, मग माझी चप्पल. मग माईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या रडायला लागल्या.

"हसू नका रे," त्या म्हणाल्या. "सगळे हसतायत मला. हसू नका."

घरात कुणीच हसत नव्हतं. मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा पडला होता. तिला तो मांडव आठवला असणार. त्या दिवशीचा हशा तिनेच पिकवला होता, आणि तो इतकी वर्षं कुणाच्या तरी कानात वाजत राहिला असेल हे तिच्या गावीही नव्हतं.

"आई, माफी मागू नकोस," मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता. "पण काहीतरी कर. नाहीतर मला तो खण उघडावा लागेल."

आई माईंच्या पायांकडे बघत होती. माई एक पाऊल उचलत होत्या, कडाप्प्यावर टेकवायला नेत होत्या आणि चटका बसल्यासारखं मागे घेत होत्या.

"रेवती, ही रुसलेली नाही," आई म्हणाली. "घाबरलीय. लाकडी घोड्यावरून उडी मारायची म्हटलं की पोरी अशाच पाय पुढेमागे करतात."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या आजारात डोळे नीट बघतात, पण मेंदूला खोली मोजता येत नाही. उजळ जमिनीवरचा काळा पट्टा त्याला खड्डा वाटतो. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते, परीक्षेला विचारते, आणि आमच्याच दाराशी तसा खड्डा होता. माईंचा पाय तिथे अडायचा, आणि पाय अडला की लग्नात अडलेलं ते दुसरं पाऊल आठवायचं.

मी हे आईला घाईघाईने सांगितलं.

"म्हणजे तेव्हाही घाबरलीच होती का गं?" आईने विचारलं.

खोटं बोलायची संधी होती, ती मी सोडली. "नाही आई. तेव्हा रुसल्या होत्या. तेव्हा नक्की रुसल्या होत्या."

"मग ठीक," आई म्हणाली. आणि आपण काय करतोय हे लक्षात यायच्या आत ती पायरी चढून, कडाप्पा ओलांडून हॉलमध्ये आली होती. तिने सोफ्यावरची चादर खसकन ओढली, झटकली आणि माईंच्या पायांपासून दारापर्यंत अंथरली. पिवळी, फुलाफुलांची चादर. खड्डा झाकला गेला.

"चला विहीणबाई," ती म्हणाली. "मी आलेय बोलवायला."

माईंनी हात खाली घेतले. चादरीकडे बघितलं. पदर सारखा केला. पाऊल टाकलं.

"प्रसन्नराव!" आई ओरडली. "बघत काय राहिलाय? दिवाणावरची दुसरी उचला! लग्न तुमचं आहे!"

आमची कल्पना अशी होती की माई दारापर्यंत जातील. माईंची कल्पना वेगळी होती. पायघड्या आहेत तर चालायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्या दाराबाहेर पडल्या, फाटकाबाहेर पडल्या आणि विश्रामबागच्या आमच्या गल्लीतून मान ताठ करून निघाल्या. मागची चादर प्रसन्न उचलायचा, धावत आईकडे द्यायचा, आई पुढे अंथरायची. "डावा! उजवा! घाई नको! प्रसन्नराव, चादर वेळेवर!" मी पाटलीकडे डोळे लावून बाजूने चालत होते. लाल, नारिंगी, पुन्हा लाल, नारिंगी. समोरच्या बंगल्यातल्या बाई गच्चीवरून ओरडल्या, "शूटिंग आहे का?" माईंनी त्यांना हात जोडून, "यायचं हं जेवायला," असं सांगितलं.

कोपऱ्यावर भडंगाचं दुकान आहे. तिथे माई थांबल्या. "पंगत कुठाय?"

दुकानदाराने न विचारता दोन स्टुलं पुढे केली. सांगलीत वरमाईला नाही म्हणायची कुणाची छाती नाही. आईने कागदावर भडंग घेतलं, वर कांदा टाकला, लिंबू पिळलं आणि माईंच्या हातात दिलं. माईंनी एक घास खाल्ला आणि थांबल्या.

"आग्रह?" त्या म्हणाल्या.

आईला आग्रह करणं ठाऊक नाही. तिने आयुष्यभर हुकूम सोडले होते. "घ्या," ती म्हणाली.

"पुरे झालं हो," माई लाजून म्हणाल्या.

"घ्या म्हटलं ना!"

माई खुदकन हसल्या. किती महिन्यांनी हसल्या! दिवा हिरवा झाला, आणि मी भर रस्त्यात रडले, ते कांद्यामुळे नव्हे.

तपासणीच्या दिवशी डॉ. तांबोळींनी पाटलीतले आलेख पडद्यावर पसरले.

"परवापासून चारला रेषा चढते आणि लगेच उतरते. काय केलंत?"

"विहीण आणली," मी म्हणाले.

"ते औषध माझ्याकडे नाही," त्या हसून म्हणाल्या. "असं चालणार असेल तर गोळी नको." मग त्यांनी मागचा महिना काढला आणि एका जागी बोट ठेवलं. "हे बघा. यंत्र 'विहीणबाई' म्हणतं तिथेच नाडी उतरायला लागते. 'चुकलं' हा शब्द यायच्या आधीच. माफीची त्यांना गरज नव्हती. कुणीतरी न्यायला यावं, एवढंच हवं होतं."

हे मी घरी आल्यावर आईला सांगितलं.

"मग त्या मेल्या यंत्राने माफी कशाला मागितली?" आई म्हणाली.

ती एका दिवसासाठी आली होती, राहिली दोन महिने. कडाप्प्यावर आम्ही फिक्या रंगाची चटई चिकटवली. तरी चार वाजले की माई शालू घेऊन बसायच्या आणि आई "चला विहीणबाई" म्हणत त्यांना कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायची. माईंना आईचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. कधी ती मुलीकडची असायची, कधी गल्लीतली, कधी 'ती कवायतवाली'. पण ती खोलीत आली की माईंचा चेहरा फुलायचा. आठवण राहत नव्हती, बरं वाटणं तेवढं राहत होतं. बदाम आपलं काम करत होता.

आणि दोघी भांडायच्या! आमटीतल्या गुळावरून भांडायच्या, पंख्याच्या वेगावरून भांडायच्या. त्या वेळी पाटलीचा दिवा हिरवागार असायचा. प्रसन्नला वाटलं पाटली बिघडली, म्हणून त्याने कंपनीला कळवलं. कंपनीने उलट आईलाच विनंती पाठवली, आपल्या भांडणाचा आवाज इतर रुग्णांसाठी वापरू द्याल का? आईने फक्त 'नाही' एवढंच कळवलं. "भांडायचं तर समोर येऊन भांडावं," ती मला म्हणाली.

शेवटी तासगावचं घर किती दिवस बंद ठेवायचं म्हणून ती निघाली. नवी बाई लागली होती, ती टिकेल अशी लक्षणं होती, आठवड्यातून दोनदा आई येणार होती. सगळं रीतसर ठरलं होतं. पिशवी घेऊन, बूट घालून ती गालिच्यावरून दाराकडे चालू लागली. माई खुर्चीत बसून टॉवेलची घडी घालत होत्या, मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

गालिच्याच्या टोकाला आई थांबली. गुडघा दुखला असेल किंवा मागे वळून एकदा बघायचं असेल. पण थांबली, आणि तिला पुढे जाववेना.

माईंनी मान वर केली. आईला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"का थांबलात?" त्या म्हणाल्या. "पुढची फरशी काय तापलीय का?"

प्रसन्नने सवयीने खाली वाकून घेतलं. शब्द न शब्द तोच होता. माईंच्या डोळ्यांत मात्र काही नव्हतं. टोमणा नाही, राग नाही. जिभेवर आलं ते बोलून मोकळ्या झाल्या होत्या. पाटलीचा दिवा हिरवा होता.

आईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती काही बोलणार तोच माई खुर्चीचा हात धरून उठल्या. हळूहळू आईजवळ आल्या, वाकल्या आणि हातातला टॉवेल तिच्या बुटांपुढे अंथरला. एक कोपरा दुमडला होता, तो हाताने सपाट केला.

"या," त्या म्हणाल्या. "आमच्यात असं अर्ध्यात सोडत नाहीत कुणाला."

आईने खाली बघितलं. मग बूट काढले. माझ्या आईला मी कधी रडताना बघितलेलं नाही, त्या दिवशी बघितलं. तिने माईंचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, तेही इतक्या हळू, की तिचाच आवाज आहे यावर माझा विश्वास बसेना.

"चुकलं हो माझं, विहीणबाई."

माईंनी तिच्याकडे काळजीने बघितलं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

आई टॉवेलवर अनवाणी उभी राहिली आणि रडता रडता हसायला लागली. ती हसते म्हणून माईही हसल्या. तासगावची गाडी त्या दिवशी तिच्याशिवाय गेली.